टाकीतून आलेले पाणी विहिरीचे राहते का?

विहिरीचे पाणी मोटारीने उपसून बंद टाकीत कोंडले आणि नळाने घरात घेतले, तर धर्मकृत्यासाठी ते विहिरीचेच मानायचे का? पालघर, बोईसर आणि चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. येथे वाडीत किंवा परसात विहीर असलेली घरे आहेत. रहाट जाऊन मोटार आली, गच्चीवर टाकी चढली आणि काही घरांत आता प्रेशर टाकी बसते.

या टाकीत रबरी पिशवी किंवा पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. नळ उघडला की हवा पाण्याला ढकलते आणि दाब ठरावीक पातळीखाली उतरला की मोटार चालू होते. पिशवी फाटली की हवेची जागा पाणी घेते, मोटार क्षणोक्षणी चालू-बंद होऊ लागते आणि हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी येते. मग पिशवी किंवा पूर्ण टाकी बदलावी लागते. नवी टाकी बसवताना ती रिकामी असतानाच तिच्यातील हवेचा दाब मोटार सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्र्याची टाकी गंजतेही लवकर. घरमालकाच्या लेखी विषय इथे संपतो. आचार पाळणाऱ्याच्या लेखी तो इथून सुरू होतो.

हिंदू धर्मशास्त्राला यंत्राचे वावडे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमीतल्या पाण्याच्या शुद्धतेची कसोटी दिली आहे: ते गाईची तहान भागेल इतके असावे, त्यात अमंगळ काही मिसळलेले नसावे आणि त्याचा गंध, रंग व चव मूळची असावी. अत्रिस्मृती तर चामड्याच्या पखालीतले आणि यंत्राने काढलेले पाणीही शुद्ध मानते. तरीही नळ आले तेव्हा त्यांतील चामड्याच्या वायसरमुळे अनेक सोवळ्या घरांनी ते पाणी पूजेला वर्ज्य केले. स्मृतीने सोडलेले बंधन रूढीने घट्ट केले, आणि रबरी वायसर आल्यावर ते आपोआप सैलही झाले. प्रेशर टाकीतील रबराबद्दल त्यामुळे फारसा वाद उरत नाही.

जैन आचारात अडचण खरी आहे. तेथे पाणी जाड, दुहेरी कापडातून गाळतात, आणि गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतून पाणी काढले तिच्यातच परत सोडायचे असतात. वरून ओतल्यास ते आपटून मरतील, म्हणून तळालाही कडी असलेली बादली वापरतात. ती पाण्यापर्यंत उतरवून तेथेच उलटी करतात. दिगंबर परंपरेत गाळलेले पाणी ४८ मिनिटांनंतर पुन्हा गाळावे लागते, आणि मुनींच्या आहारासाठी हाताने उपसलेले विहिरीचे पाणी लागते. मोटार या साखळीच्या दोन कड्या तोडते. पंपाच्या फिरत्या पात्यांतून जीव सुखरूप जात नाहीत, आणि गेले तरी नळापाशी गाळलेली जिवाणी परत न्यायला वाट नसते. टाकीत पाणी तासन्‌तास पडून राहते ते वेगळेच. पाणी स्वच्छ आहे का, हे येथे दुय्यम आहे. घेणाऱ्याने मागे काय परत केले, यावर सारे ठरते.

पारशी धर्मात हीच परतफेड विधीच्या रूपात दिसते. यस्न विधीच्या शेवटी सिद्ध केलेले अर्घ्य विहिरीत किंवा वाहत्या पाण्यात अर्पण करतात. म्हणून विधी होणाऱ्या अग्यारीला स्वतःची विहीर लागते. नगरपालिकेचा नळ तिची जागा घेऊ शकत नाही. तारापुरात विकाजी मेहेरजी यांनी १८२० च्या सुमारास बांधलेली अग्यारी आहे, आणि पवित्र इराणशा अग्नी काही काळ ज्या बाहरोटच्या डोंगरात ठेवला होता असे परंपरा सांगते, तो डोंगरही पालघर जिल्ह्यातच आहे. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी मलेरियाच्या डासांमुळे विहिरी बुजवण्याचा वा बंदिस्त करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पारशांसह अनेक समाजांनी विरोध केला. त्याच अनुभवातून महापालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानी यांनी विहिरींच्या लोकश्रद्धांवर १९१८ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांनी त्या श्रद्धा हसण्यावारी नेल्या नाहीत, हे त्या पुस्तकाचे मोठेपण. घरात प्रेशर टाकी असली तरी विहिरीचे तोंड जाळीने झाकून उघडता येईल असे ठेवले, तर डास अडतात आणि विधीही अडत नाही. जैन घरालाही हीच सोय उपयोगी पडते: स्नान-धुण्याला टाकी, पिण्याला आणि आहाराला दोर-बादली.

बोईसरला याहून अवघड प्रसंग आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने नाले, खाड्या आणि किनारा नासल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. रसायन झिरपून विहिरीच्या पाण्याचा गंध, रंग किंवा चव पालटली, तर मनुस्मृतीच्याच कसोटीवर ते पाणी नापास होते, मग ते दोराने काढा की मोटारीने. अशा विहिरीत जिवाणी सोडणे म्हणजे जीव वाचवण्याऐवजी मारणे, आणि तीत अर्घ्य देणेही निरर्थक. येथे टाकी बदलून, गाळण लावून किंवा सोवळे कडक करून काही साधत नाही, कारण दोष पाणी वापरणाऱ्याच्या आचारात नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, रक्त आणि विष टाकण्याची मनाई आहे. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात पाण्यात प्रेताची घाण नेणे महापाप ठरवले आहे. दोन्ही ठिकाणी आज्ञा पाणी पिणाऱ्याला नसून त्यात ओतणाऱ्याला आहे.