गार्सियाने बोलायला हवं होतं का?

सुरतेतल्या भेस्तानला भाड्याची खोली घेताना भाच्याने मालकाला जात खोटी सांगितली. त्यावरून आमचा वाद पेटला.

"आडनावावरून त्याला अंदाज येईना, म्हणून सरळ विचारलं. आधीच्या मालकांनी खरं ऐकून नकार दिलेला. मी काय करायचं, मामा?"

"गार्सिया द ऑर्ता ऐकलायस?"

"नाही."

"पोर्तुगीज वैद्य. १५३४ साली गोव्यात आला. घराणं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती केलेलं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायचा. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ मध्ये त्याने गोव्यातच पुस्तक छापलं. हिंग, कापूर, भांग, आंबा, पटकी, सगळं दोन वैद्यांच्या संवादातून. ग्रीक पंडितांनी लिहिलेलं आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशी जुळत नाही, हे त्याने बेधडक मांडलं."

"मग शूरच की."

"औषधांपुरता. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि या पुस्तकाला इन्क्विझिटरचीच परवानगी होती. स्वतःच्या धर्माबद्दल तो गप्प राहिला. १५६८ मध्ये अंथरुणात मेला. पुढच्याच वर्षी बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं. घरच्यांच्या जबान्यांतून त्याचंही नाव निघालं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली."

तो बराच वेळ गप्प होता. "बोलला असता तर बहीण वाचली असती?"

"नाही. दोघंही गेली असती, आणि पुस्तकही."

"मग त्याचं चुकलं कुठे?"

"धर्मसुधारक मार्टिन लूथर बघ. तो १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटासमोर उभा राहिला. माघार घेतली नाही."

"कॉलेजात शिकलोय मी हे. परतताना सॅक्सनीच्या शासकाच्या माणसांनी त्याला उचलून वार्टबुर्गच्या किल्ल्यात ठेवलं. तिथे तो नाव बदलून, दाढी वाढवून राहिला. लूथरसुद्धा लपला, मामा! आणि त्याला किल्ला तरी मिळाला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट मला अजून टोचते, ती मी बोललो. "तुझी मुलगी उद्या शेजारी काय सांगेल? तिला खोटं पढवणार?"

"तेच रात्री झोपू देत नाही," तो म्हणाला. "मालक परका असता तर एवढं लागलं नसतं. आपल्याच खानदेशातला आहे."

ऑर्ताला मी दोषी धरत नाही, भाच्यालाही नाही. ज्याच्या हातात चिता किंवा किल्ली असते, त्याने असा प्रश्न विचारणं हाच गुन्हा आहे. धुळे, नंदुरबार, जळगावहून सांच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला आलेल्या आपल्या कितीतरी जणांची आता सुरतेत स्वतःची घरं आहेत, भाडेकरूही आहेत. उद्या कुणी ओडिशाचा, उत्तर प्रदेशचा किंवा आपल्या गावचा खोली विचारत आला, तर भाडं ठरवा, कागदपत्रं बघा. जात विचारू नका.