पाण्याची वाट

आमच्या वरच्या वावरातून एक ओघळ जायची. पावसाळ्यात चार दिवस वाहायची, बाकी वर्षभर कोरडी. दोन्ही अंगाला हिवर, करंज, बोरी. वडील तिला हात लावू देत नसत. म्हणायचे, "ती आपली न्हाई, पाण्याची वाट हाय."

वडील गेले आणि १९९६ साली मी ट्रॅक्टर लावून ती बुजवली. झाडं तोडली. पाऊण एकर रान वाढलं. सातबारा माझा, मग विचारायचं कुणाला?

पुढच्या साली हस्ताचा पाऊस कोसळला. पाण्याला वाट सापडेना. बांध फोडून ते खालच्या तात्यांच्या वावरात शिरलं आणि नुकत्या उगवलेल्या ज्वारीसकट माती घेऊन गेलं. खालचा मुरूम उघडा पडला. तात्या भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गड्या, माती पुन्हा पेरता येती व्हय?"

माझी नात पुण्यात लँडस्केप आर्किटेक्चर शिकते. मला वाटायचं, बागा सजवायचं शिक्षण असेल. तिनं मला इयन मॅकहार्ग नावाच्या माणसाचं १९६९ सालचं पुस्तक समजावून सांगितलं. उतार, माती, पाणी, झाडोरा, प्रत्येकाचा निराळा पारदर्शक नकाशा काढायचा आणि एकावर एक ठेवायचे. मग दिसतं, कुठं बांधावं आणि कुठं हात लावू नये. मी म्हणलं, पोरी, हे नकाशे तुझ्या पणज्याच्या डोक्यात होते. मीच ते पुसले.

पण जुनं ते सगळं शहाणं, असंही नाही. मागच्या डोंगरावरची झाडं आमच्याच वाडवडलांनी सरपणाला तोडली. हिवरे बाजारनं डोंगरमाथ्यापासून चर खणत खाली काम आणलं, शेतीला बोअर नको असं ठरवलं. ते सगळ्या गावाचं रान एक मानून. एकट्याच्या बांधापुरतं शहाणपण पुरत नाही.

सातबारा मला जमीन कसायचा हक्क देतो. पाणी कुठून जावं हे ठरवायचा हक्क तो देतो का? मला वाटतं, नाही. माझ्या हक्काची हद्द माझ्या बांधाशी संपते, माझ्या करणीची संपत नाही.

ओघळ मी पुन्हा उकरली. तळ्यातला गाळ आणून तात्यांच्या वावरात टाकला. पीक येतं. पण त्यांच्या पोरानं नांगर घातला, की एका पट्ट्यात अजून मुरूम वर येतो. त्या बाजूनं जाताना मी खाली बघून चालतो.