हवामानाचा अंदाज आणि श्रद्धावानाची शंका

हिवाळ्याच्या तोंडावर दरवर्षी दोन विधाने हमखास कानावर येतात. यंदा हाडे गोठवणारी थंडी पडणार, हे पहिले. हवामान खात्याने सांगितले ना, मग नेमके उलटे होणार, हे दुसरे. आपल्या मोहल्ल्यांत या दोहोंना जोडून तिसरेही विधान केले जाते आणि ते अधिक गंभीर आहे. उद्याचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे, मग तीन महिन्यांचे हवामान आधीच सांगणारे हे कोण? पहिल्या दोन विधानांकडे करमणूक म्हणून दुर्लक्ष करता येईल. तिसरे मात्र ईमानच्या नावाने केले जाते, म्हणून ते ईमानच्याच कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे. दीर्घकालीन अंदाजावर शंका घेणे हे तवक्कुलचे लक्षण आहे काय? आणि शंका घ्यायचीच असेल, तर ती कोणत्या रीतीने घ्यावी?

मूळ सिद्धांताविषयी कोणत्याही मुसलमानाच्या मनात संदेह नाही. सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत स्पष्ट केले आहे की, अंतिम घटिकेचे ज्ञान अल्लाहपाशीच आहे, पर्जन्य तोच पाठवतो, आणि उद्या आपण काय कमावणार हे कोणाही जिवाला ठाऊक नाही. गैबचे दार माणसासाठी बंद आहे. ज्योतिषी, भविष्यवेत्ते यांच्या दारी जाण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कठोर शब्दांत मनाई केली, ती याच कारणाने.

परंतु त्याच कुरआनने वाऱ्यांना पावसाची शुभवार्ता घेऊन येणारे म्हटले आहे (सूरह आराफ, ७:५७). जो वारा आधी येतो आणि ज्याच्या मागून पाऊस येतो, तो वाचता आला तर माणसाने गैबमध्ये हात घातला असे होत नाही. त्याने अल्लाहनेच सृष्टीत ठेवलेली खूण ओळखली, एवढेच. हुदैबिया येथे रात्री पाऊस झाल्यानंतर प्रेषितांनी (स.) सकाळी दिलेली शिकवण प्रसिद्ध आहे. पाऊस अल्लाहच्या कृपेने झाला असे म्हणणारा श्रद्धावान ठरला. अमुक ताऱ्याने पाऊस पाडला असे म्हणणाऱ्याने अल्लाहला नाकारले. इमाम शाफई (रह.) यांनी येथे एक महत्त्वाचा भेद दाखवला आहे. ताऱ्यालाच कर्ता मानणे हा कुफ्र होय. पण त्या ताऱ्याच्या काळात पाऊस पडला, अशा अर्थाने कोणी बोलला तर तो कुफ्र नव्हे. म्हणजे प्रश्न खुणेचा नाही, खुणेला कर्तेपण देण्याचा आहे. आपला शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो तेव्हा तोही काळच सांगत असतो. हवामानशास्त्रज्ञ समुद्राचे तापमान मोजून काही बोलतो, तेव्हा त्याचे बोलणेही याच कसोटीने पाहावे लागेल.

आता तो नेमके काय बोलतो, हे समजून घेऊ. कारण बहुतेक शंका इथल्या गैरसमजातून उगवतात. दैनंदिन हवामान साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे नेमकेपणाने सांगता येत नाही. वातावरणाच्या आजच्या मोजमापात राहिलेली बारीकशी उणीव दिवसागणिक वाढत जाते आणि अखेर सगळे गणितच व्यापून टाकते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले. हवामानशास्त्राने स्वतःच मान्य केलेली ही माणसाच्या ज्ञानाची मर्यादा आहे. मग डिसेंबर ते फेब्रुवारी या संपूर्ण ऋतूबद्दल बोलण्याचे धाडस कशाच्या आधारावर? समुद्राच्या आधारावर. हवा क्षणोक्षणी बदलते, समुद्र मात्र मंदगतीने तापतो आणि मंदगतीने निवतो. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा उष्ण असेल तर अल निनो, थंड असेल तर ला निना. त्या स्थितीमुळे ऋतूचे पारडे कोणत्या बाजूला झुकण्याचा संभव अधिक, एवढेच सांगता येते.

म्हणून ऋतूचा अंदाज संभाव्यतेच्या भाषेत दिला जातो. हिवाळा सरासरीहून थंड, सरासरीइतका किंवा सरासरीहून उबदार अशा तीन शक्यता मांडतात. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकीच्या वाट्याला एकतृतीयांश येतो. त्यांपैकी एकीला ५० टक्के संभव दिला, तर माहितीत भर पडली हे खरे. पण तसे न घडण्याचा संभवही तितकाच उरतो. अशा अंदाजात निफाडच्या द्राक्षबागेत कोणत्या रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतील, याचे उत्तर नसते. ती थंडी उत्तरेकडील पश्चिमी झंजावात आणि त्यामागून येणारे कोरडे वारे यांवर ठरते, आणि त्यांची चाहूल काही दिवस आधीच लागते.

हे ध्यानात घेतले की शंकेचा इतिहास वेगळा दिसू लागतो. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर येथे दीर्घकालीन अंदाजाच्या प्रयत्नांना चालना मिळाली. या विद्येचा जन्मच भुकेच्या चिंतेतून झाला, हे विसरता कामा नये. १८९९ साली पर्जन्य चांगले होईल असा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात मोठा दुष्काळ पडला. टीका झाली, आणि पुढे काही वर्षे हे अंदाज जनतेपासून गोपनीय ठेवण्यात आले. सुमारे एका शतकानंतर ब्रिटनमध्ये जवळपास तेच घडले. तेथील हवामान संस्थेने २००९ चा उन्हाळा चांगला जाण्याचा संभव ६५ टक्के सांगितला होता. परंतु घराबाहेर चूल मांडून मेजवान्या कराव्यात असा उन्हाळा, या आकर्षक शब्दांत तो लोकांपुढे गेला. जुलै पावसात गेला. त्यानंतरचा हिवाळा सौम्य राहण्याचा संभव अधिक सांगितला गेला, आणि २००९-१० चा हिवाळा तेथील सुमारे तीस वर्षांतला सर्वांत थंड ठरला. वृत्तपत्रांनी यथेच्छ खिल्ली उडवली. मार्च २०१० मध्ये संस्थेने सर्वसामान्यांसाठी ऋतूचे अंदाज प्रसिद्ध करणे थांबवले.

दोन्ही ठिकाणी परिणाम एकच झाला. थट्टेने अंदाज सुधारला नाही. थट्टेने जाणकाराचे तोंड बंद झाले. भारतात पुढे सुधारणा झाली ती १९०४ साली खात्याची धुरा हाती घेणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांच्यामुळे. त्यांनी अनेक वर्षे जगभरच्या नोंदी पडताळून पाहिल्या आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा परस्परसंबंध उजेडात आणला. आज आपण अल निनो, ला निना म्हणतो, त्या समजुतीच्या पायात हे काम आहे.

मग सांगणाऱ्याची पारख कशी करावी? याचे उत्तर आपल्याच वारशात आहे. हदीसशास्त्रज्ञांनी कथन करणाऱ्याच्या दोन गोष्टी पाहिल्या, चारित्र्याची सचोटी आणि ‘ज़ब्त’, म्हणजे ऐकलेले अचूक जपण्याची क्षमता. ज़ब्त ओळखायचा कसा, हे इब्नुस्सलाह (रह.) यांनी नमूद केले आहे. त्याची कथने विश्वसनीय लोकांच्या कथनांशी ताडून पाहावीत. बहुतेक जुळत असतील तर क्वचितच्या फरकाने बाधा येत नाही. फरकच अधिक असतील तर त्याच्यावर विसंबू नये. एका चुकीवरून कोणाला फेकून दिले नाही आणि एका अचूक कथनावरून डोक्यावर घेतले नाही. हवामानाचा अंदाज हदीसच्या पंक्तीत बसतो असे मी मुळीच म्हणत नाही. पारखण्याची रीत मात्र तीच न्यायाची रीत आहे. दहा जणांपैकी सहांना गुण येईल असे सांगणाऱ्या हकिमाला, गुण न आलेल्या एकाकडे बोट दाखवून खोटे ठरवता येत नाही. त्याचे सारे रुग्ण मोजावे लागतात.

आपण असे मोजतो का? २०२४ च्या शरद ऋतूत ला निनाचे नाव घेऊन विक्रमी थंडीच्या वार्ता घरोघरच्या मोबाइलवर फिरत होत्या. डिसेंबरच्या आरंभी हवामान खात्याने सांगितले की, देशाच्या बहुतांश भागांत हिवाळा सरासरीहून उबदार राहण्याचा संभव आहे. पुढे फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. एका हिवाळ्यावरून खाते अचूक ठरत नाही. तसे म्हटले तर मी वर मांडलेली कसोटी मीच मोडीन. पण चुकलेला अंदाज वर्षानुवर्षे विनोदात जगतो आणि जुळलेला आठवडाभरही स्मरणात राहत नाही, हे तरी मान्य करावे लागेल. एखाद्या समूहाचे वैर तुम्हांला अन्यायाकडे ओढून नेऊ नये, हा सूरह माइदातील आदेश (५:८) जर शत्रूच्या बाबतीत आहे, तर ज्याच्याशी आपले काहीच वैर नाही त्याला न्याय नाकारण्याचे कारण काय?

न्यायाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. शहरातल्या वाचकाला यात गंमत वाटली असेल. पण ज्याने उसनवारीने बियाणे आणून पेरले आणि पावसाने दडी मारल्यावर ज्याच्यापुढे दुबार पेरणीचे संकट उभे राहिले, त्याच्यासाठी ती थट्टा नव्हती. संपूर्ण देशाच्या सरासरीचा आकडा त्याच्या चार एकरांविषयी काहीही सांगत नाही, ही गोष्ट अंदाजाइतक्याच ठळकपणे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी होती. जाणणाऱ्याची अमानत केवळ आकडा सांगून पूर्ण होत नाही; त्या आकड्यावर किती भार टाकावा, हेही सांगावे लागते. संभव म्हणून सांगितलेली गोष्ट बातमीदाराने भाकीत म्हणून छापली, तर दोष त्याचा आहे. ती न वाचता आपण दहा गटांत पुढे ढकलली, तर दोष आपला आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय या सर्वांची विचारणा होणार आहे, ही सूरह इस्राची ताकीद (१७:३६) बोटाच्या एका स्पर्शालाही लागू आहे.

माझ्या मते खरा धोका येथे आहे. संभव साठ टक्के आहे असे म्हणणाऱ्याला आपण हसतो आणि छातीठोकपणे तारीख सांगणाऱ्याला गर्दी करून ऐकतो. पहिला आपल्या अज्ञानाची सीमा आखून देतो. दुसरा ती पुसून टाकतो. गैबवर दावा कोणाचा आहे, हे आता वाचकांनीच ठरवावे. मला ठाऊक नाही असे म्हणणे आपल्या इमामांनी ज्ञानाचाच भाग मानले. त्या प्रामाणिक वाक्याची जो समाज खिल्ली उडवतो, तो खोट्या खात्रीच्या हाती स्वतःहून सापडतो.

मग श्रद्धावानाने वागावे कसे? आद समाजाने क्षितिजावर मेघ पाहिला आणि हा आपल्याला पाऊस देणार असे खात्रीने म्हटले. त्यात प्रकोपाचा वारा होता (सूरह अहकाफ, ४६:२४). प्रेषित (स.) मात्र आकाशात ढग पाहताच अस्वस्थ होत आणि पाऊस पडल्यावरच त्यांच्या मुद्रेवर समाधान उमटे, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. खूण तीच होती. एकीकडे गर्व होता, दुसरीकडे विनम्र सावधपणा. हजरत यूसुफ (अ.) यांना येणाऱ्या वर्षांचे ज्ञान अल्लाहकडून मिळाले होते, ते कोणत्याही खात्याला मिळत नाही. पण ते ज्ञान मिळाल्यावर ते दुआ करून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी धान्य कणसातच राखून कोठारे भरण्याची योजना सांगितली. सीरियाच्या वाटेवर महामारीची वार्ता ऐकून हजरत उमर (रजि.) परत फिरले. हे अल्लाहच्या निर्णयापासून पळणे नव्हे काय, असे विचारले गेले. अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे त्यांनी उत्तर दिले आणि दाखला दिला तो उंट चारणाऱ्याचा: एक उतार हिरवा, दुसरा ओसाड, आणि कोठेही चारले तरी ते अल्लाहच्या निर्णयानेच.

हिवाळ्याचा अंदाज हाती आल्यावर आपले कर्तव्य यावरून समजते. पेरणीपूर्वी त्याचा एक खूण म्हणून विचार करावा, सगळी पुंजी एकाच खुणेवर लावू नये, आणि रात्रीच्या थंडीसाठी जवळच्या दिवसांचा अंदाज पाहावा. थंडी कडक पडण्याचा संभव कमी सांगितला असला, तरी मशिदीच्या पायरीवर निजणाऱ्यासाठी घोंगडी आधीच जमवावी; कारण कमी संभव म्हणजे अशक्य नव्हे आणि त्या एका रात्रीची किंमत त्याला जिवाने मोजावी लागते. अंदाज चुकला आणि घोंगडी जमवलेलीच असली, तर त्यात कोणाचे काय बिघडले? उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची जी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली, तिच्यात दावणही आहे आणि तवक्कुलही.

तेव्हा शंका अवश्य घ्यावी, पण मोजून आणि न्यायाने घ्यावी. उद्याविषयी बोलताना इन्शा अल्लाह म्हणावे, आणि ते म्हणून झाल्यावर आजचे काम हाती घ्यावे. अल्लाह आम्हां सर्वांना खूण ओळखण्याची दृष्टी, जाणकाराशी न्यायाने वागण्याची बुद्धी आणि थंडीत कुडकुडणाऱ्या शेजाऱ्याची आठवण देवो. आमीन.