दोन जोड्यांचा पट

आमच्या वऱ्हाडात ‘पट’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती काळ्या मातीतली सरळ आखलेली वाट, हलक्या गाडीला जुंपलेली बैलजोडी आणि कासरा मुठीत आवळून ओणवा झालेला धुरकरी. संस्कृतात मात्र हाच शब्द वस्त्राचा, आणि म्हणून ज्या वस्त्रावर चित्र लिहावयाचे त्याचाही वाचक आहे. हे दोन अर्थ कधी एकत्र येतील असे मला वाटले नव्हते. परंतु अकोल्यातील माझ्या एका चित्रकार स्नेह्याने अकोटकडच्या एका शेतकरी घराण्याचे काम अंगावर घेतले, आणि ते एकत्र आले. त्या घराण्यास आपल्या वडिलांच्या पटाच्या जोडीचे चित्र हवे होते; पण एकट्या जोडीचे नव्हे, तर शेजारगावच्या ज्या जोडीशी तिची सात-आठ हंगाम चुरस चालली, तिच्यासह. घरात एकुलते एक छायाचित्र, आणि त्यात फक्त आपलीच जोडी.

शर्यतीचे चित्र काढणे किती अवघड आहे याची कल्पना मला तेव्हा आली. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने 1821 सालची एप्समची घोड्यांची शर्यत रंगविली, तीत घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे असे ताणलेले आहेत, जणू ते जमिनीवरून तरंगत चालले आहेत. पुढे 1878 मध्ये मायब्रिजने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी सिद्ध केले की चारी पाय अधांतरी असतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे जेरिकोचे घोडे खोटे ठरले. तरीही वेग जाणवतो तो त्याच चित्रात, छायाचित्रातला घोडा जागच्या जागी गोठल्यासारखा दिसतो. परंतु वेग हा शर्यतीचा अर्धाच भाग होय. उरलेला भाग दोन प्रतिस्पर्ध्यांमधल्या अंतरात असतो, आणि माझ्या मते खरे चित्र त्या अंतराचेच काढावयाचे असते.

शिडाच्या नौकांची चित्रे काढणाऱ्यांना हे फार पूर्वी उमगले असावे. 1934 साली अमेरिकेतील न्यूपोर्टच्या समुद्रावर ‘रेनबो’ ही अमेरिकन आणि ‘एंडेव्हर’ ही इंग्लिश नौका अमेरिका चषकासाठी झुंजल्या. एंडेव्हरने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या; तिसरीत तर अखेरच्या वळणावर ती साडेसहा मिनिटे पुढे होती, आणि तेथून ती हरली; पुढच्या तिन्ही शर्यतीही रेनबोने घेतल्या. आता या झुंजीचे चित्र काढणाऱ्याने कोणता क्षण निवडावा? दफ्तरात निकाल चार विरुद्ध दोन असा नोंदलेला आहे, पण कॅनव्हासला निकाल ठाऊक नसतो. तेथे दोन्ही शिडांत वारा भरलेला, दोन्ही नौका एकाच अंगाला कललेल्या, आणि हरणारी अजून हरलेली नाही. काळाचा न्याय तर याहूनही विलक्षण. जिंकलेली रेनबो 1940 मध्ये मोडीत निघाली, आणि हरलेली एंडेव्हर गंजून, बुडून, पुन्हा बांधली जाऊन 1989 मध्ये पाण्यात उतरली. आज चित्रकारास एक नौका डोळ्यांनी पाहता येते, दुसरी जुन्या छायाचित्रांवरून उभी करावी लागते. माझ्या स्नेह्यापुढचे कोडे याच जातीचे होते.

म्हणून जानेवारीत आम्ही दोघे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट पाहावयास गेलो. सुटण्यापूर्वीचा एक गवळाऊ बैल मी हाताच्या अंतरावरून पाहिला: पोळ्याला शिंगांना लावलेला रंग उडून मुळाशी तेवढी लाल कड उरलेली, जुवाखालचा खांदा घट्टे पडून काळवंडलेला, आणि माशी नसतानाही पाठीची कातडी पाण्यावर तरंग उठावा तशी थरथरत होती. मालक त्याच्या वशिंडावरून सावकाश हात फिरवीत होता. जोडी सुटली तेव्हा जे दिसले ते क्षणभरच. मग धूळ, आणि धुळीनंतर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचा आकडा.

हा आकडाच मला अस्वस्थ करतो. दोन दानी पटात दोन जोड्या शेजारी शेजारी सुटत, पुढच्या जोडीची धूळ मागच्या धुरकऱ्याच्या डोळ्यांत जाई, जशी वाऱ्याच्या बाजूची नौका दुसरीचा वारा तोडते. आता अनेक पटांत एकेक जोडी एकटी पळते आणि घड्याळाशी स्पर्धा करते. मोजणी अचूक झाली, तंटे मिटले, हे मान्यच केले पाहिजे. पण चुरस डोळ्यांआड गेली. त्यात 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा मनाईहुकूम झाला आणि 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर मुभा मिळेपर्यंत साडेसात वर्षे गेली. बैलाच्या उमेदीची वर्षे ती किती! जनावरांच्या हालांविषयीची चिंता रास्त होती आणि त्या अटी काटेकोर पाळल्याच पाहिजेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही त्या काळात वयात आलेल्या कितीतरी जोड्यांना प्रतिस्पर्धी लाभलाच नाही, ही खंत मला वाटते.

परतताना आम्ही त्या शेजारगावी गेलो. दुसऱ्या जोडीचा धुरकरी हयात होता. ऐंशीच्या पुढचा, ओसरीवर बसलेला. चित्रकाराने विचारले, “बाबा, तुमची जोडी एकटीच पळाली असती तर?” म्हातारा म्हणाला, “बाजूले जोडीच नसन तं बैल कोनाच्या इर्षेनं पयतीन, भाऊ?” मग त्याने आपल्या बैलांचे रंग सांगितले, एक पांढरा, एक कोसा, आणि त्यांच्या आधी, न विचारता, प्रतिपक्षाच्या बैलांचे.

चित्र पुरे झाले तेव्हा त्यात अंतिम रेषा नव्हती. दोन्ही जोड्या धुळीच्या पुढे, मध्ये हातभर अंतर. ज्यांचे काम होते त्यांनी स्वतः गाडी पाठवून त्या म्हाताऱ्यास बोलावून आणले. तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी बोट पुढे करून, स्वतःच्या नव्हे तर घरमालकांच्या डाव्या बैलाकडे दाखवीत म्हणाला, “याचं शिंग अंदर वयेल होतं.” चित्रकाराने कुंचला उचलला आणि तेथेच ते शिंग आत वळविले.