शरीराचा आपपरभाव

मुंबईतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि गोवंडीच्या आसपासच्या वस्त्यांतील दवाखान्यांत पावसाळ्याच्या दिवसांत जे दुखणे वारंवार दाखवले जाते, ते एक वर्तुळ असते: कडेला लालसर, किंचित उंच व खवले धरलेले, मध्यभागी निवळत आलेले. मराठीत त्यास गजकर्ण अथवा नायटा म्हणतात, वस्तीच्या हिंदीत दाद. लहानशा खोलीत सहा-सात माणसे, एकाच दोरीवर अर्धवट वाळलेले कपडे, सर्वांत मिळून एक-दोन टॉवेल आणि अंगात मुरणारा घाम, एवढे असले म्हणजे बुरशीस आणखी काही लागत नाही. परंतु जवळजवळ ह्याच आकाराचे वर्तुळ क्वचित एखाद्या तरुण स्त्रीच्या दंडावर वा पाठीवर उमटते आणि त्यात बुरशीचा लवलेशही नसतो. ते ल्युपसचे, म्हणजे ज्या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते त्या स्वयंप्रतिकार व्याधीचे असते. पहिल्यात परका आत शिरला आहे, दुसऱ्यात आपलाच आपल्यांवर उठला आहे. दुसऱ्यास शमवणारे स्टिरॉइडचे मलम पहिल्यास खतपाणी घालते. आणि पहिल्यावरचे टर्बिनाफिन हे औषध काही जणांत ल्युपसचे चट्टे स्वतःच उठवते.

ह्या दोन वर्तुळांपाशी मला एक जुना धर्मप्रश्न नव्याने उभा राहिलेला दिसतो. आपल्या संतांनी आपपरभाव हे दुःखाचे मूळ मानले, अद्वैत वेदान्ताने भेदबुद्धीस अविद्या म्हटले, बुद्धाने तर ज्यास आपण 'मी' म्हणतो त्याचे स्थिर अस्तित्वच नाकारले. आणि ज्या देहात राहून आपण ही शिकवण ऐकतो, तो देह मात्र अहोरात्र 'हे माझे, ते परक्याचे' असा निवाडा करीत असतो व तो निवाडा चुकताच रोगी होतो. मग संतांचे म्हणणे खरे की देहाचे? 'अध्यात्म निराळे आणि शरीर निराळे' असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो. परंतु ज्या धर्मविचारास देहाच्या व्यवहाराकडे पाहण्याचे धैर्य नाही, तो रुग्णाच्या कामी येत नाही, असे माझे मत आहे.

ह्या शास्त्राचा आरंभ बुरशीपासूनच झाला म्हटले तरी चालेल. 1884 साली इल्या मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने पाण्यातल्या पारदर्शक पिसवेच्या अंगात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंना तिच्या पेशी घेरून गिळताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि देहात त्याचे रक्षण करणारे सेवक असतात, ही कल्पना पुढे रूढ झाली. पुढे पाउल एर्लिख ह्याने देह स्वतःवर विष उधळणे टाळतो असा सिद्धान्त मांडला, आणि 1960 साली ज्यास नोबेल पारितोषिक मिळाले त्या मॅकफार्लेन बर्नेटने 'स्व' आणि 'स्वेतर' हीच भाषा शास्त्रात आणली. ज्या शब्दांवर आपल्याकडे शतकानुशतके वादविवाद झाले, ते अशा रीतीने प्रयोगशाळेत येऊन दाखल झाले.

तथापि आपले कोण, हे ज्ञान देहास आपोआप सिद्ध नसते. ते शिकवावे लागते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. तिच्यात वाढणाऱ्या रक्षक पेशींपुढे साऱ्या देहातल्या अवयवांचे नमुने, स्वादुपिंडातले इन्सुलिनही त्यांत आले, मांडले जातात; ज्या पेशी ह्या नमुन्यांवर तुटून पडतात त्यांपैकी बहुतेक तिथेच नष्ट केल्या जातात. हे नमुने मांडण्याचा बंदोबस्त ज्या जनुकाकडे आहे त्याचे नाव एअर. ते 1997 साली ओळखले गेले. ज्या बालकात हे जनुक दोन्ही बाजूंनी सदोष असते, त्याच्या रक्षक पेशी अर्धशिक्षित राहतात आणि अधिवृक्क, परावटू इत्यादी ग्रंथींचा क्रमाने नाश करतात. ही व्याधी फार विरळा. फिनलंड, सार्डिनिया आणि इराणी ज्यू ह्यांच्यांत ती त्यातल्या त्यात अधिक आढळते. परंतु तिचे पहिले लक्षण पुष्कळदा ग्रंथींचे नसतेच. ते असते मुलाच्या जिभेवर व गालाच्या आत बसणारा, पुसला तरी पुन्हा येणारा कॅन्डिडा बुरशीचा पांढरा थर.

स्वतःवर उठलेल्या देहास नेमकी बुरशीच का छळते, ह्याचे उत्तर 2010 साली पुढे आले. अशा रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये सापडली, की जी शरीराच्याच इंटरल्यूकिन-17 व इंटरल्यूकिन-22 ह्या निरोप्यांना निकामी करतात, आणि तोंडाच्या अस्तरावर बुरशीस आवर घालण्याचे काम ह्याच निरोप्यांचे असते. 2021 साली आणखी एक कारण दिसले: ह्या रुग्णांच्या रक्षक पेशी इंटरफेरॉन-गॅमा अतोनात सोडतात, आणि त्या उग्रतेने अस्तराचा बांधच खचतो. दोन्ही कारणांचा इत्यर्थ मला एकच वाटतो. ज्यास आपले कोण हे शिकवले गेले नाही, त्यास परक्यापासूनही आपले रक्षण करता येत नाही.

उलट बाजूनेही हे नाते जाते. शिमोन साकागुची ह्यांच्या जपानी प्रयोगशाळेत संधिवाताकडे जन्मजात कल असलेल्या उंदरांची एक जात आहे. निर्जंतुक जागेत वाढवले तर ते सुखरूप राहतात, परंतु बुरशीच्या भित्तिकेतली बीटा-ग्लुकन ही शर्करा टोचताच त्यांचे सांधे सुजतात, असे 2005 साली दिसून आले. परक्याच्या नुसत्या चाहुलीने आपलेच सांधे जळू लागावेत, हे विलक्षण आहे. ज्या नियामक पेशी एरवी अशा आगीस आवर घालतात, त्यांच्या शोधाबद्दल ह्याच साकागुचींना इतर दोघांसह 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ज्या सायक्लोस्पोरिनने व मायकोफेनोलिक आम्लाने स्वयंप्रतिकार व्याधींना आळा बसतो, ती दोन्ही बुरशीचीच देणगी आहे. पहिल्याची बुरशी नॉर्वेच्या मातीत मिळाली. ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यास मात्र बुरशीचे आणि क्षयाचेही भय वाढते, म्हणून गोवंडीसारख्या क्षयग्रस्त भागात ती देताना डॉक्टरांस दुप्पट सावध राहावे लागते. बुरशीवरची औषधे कित्येकदा मातीतल्या जंतूंनीच दिली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी शोधलेले हॅमायसिन हे त्यांपैकीच, आणि ते बनवणाऱ्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचेच नाव आहे.

शिवाय निरोगी देह परक्याचा सरसकट द्वेष करीत नाही. तुमच्या-माझ्या डोक्यावर व पाठीवर मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट आयुष्यभर नांदते, पुष्कळांच्या आतड्यांत कॅन्डिडा गुपचूप असतो, आणि देह त्यांना हद्दीपलीकडे जाऊ न देता राहू देतो. म्हणजे देहाचा निवाडा हा संतांनी निषेधिलेला आपपरभाव नव्हे. संतांनी ज्याचा निषेध केला तो अभिमान आणि त्यातून उपजणारा वैरभाव. देहाची रीत त्याच्या पुष्कळशी विरुद्ध आहे. तिचा पाया आधी आपल्यांवर शस्त्र न उचलण्याच्या शिक्षणावर आहे, मग निरुपद्रवी परक्यास सोसण्यावर, आणि प्रतिकाराचा क्रम त्यानंतरचा. संत आणि देह ह्यांच्यांत मला विरोध दिसत नाही तो ह्यामुळे.

खरा विरोध आहे तो कर्मविपाकाच्या प्रचलित समजुतीशी. चरकाने कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध आहाराबरोबर पापकर्मही गणले आहे आणि दद्रु, म्हणजे हाच नायटा, कुष्ठांतच घातला आहे. त्यामुळे त्वचेचे दुखणे झालेल्या माणसाने 'माझे काय चुकले?' असे विचारावे, हे आपल्या अंगवळणी पडले. पैगंबर अय्यूबांची, म्हणजे बायबलातल्या जोबची, कथा ह्यास उत्तर देते. मुसलमान घरांत ते सब्राचा, म्हणजे सहनशीलतेचा, आदर्श म्हणून ओळखले जातात, आणि बायबलात तर त्यांच्या अंगभर फोडांना पापाचे फळ म्हणणाऱ्या मित्रांवर प्रत्यक्ष ईश्वरच रुष्ट होतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर घेतलेला आक्षेप मला सर्वांत मार्मिक वाटतो: दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला व राज्याला टाळता यावी, एवढ्यासाठीच तो सिद्धान्त उपयोगी पडतो. गोवंडीत हिंदू, मुसलमान आणि बौद्ध अशा तिन्ही परंपरांची माणसे एकाच गल्लीत राहतात.

ती जबाबदारी येथे नाव घेऊन सांगता येते. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली ट्यूब दुकानदाराकडून चिठ्ठीशिवाय मिळते. दोन दिवसांत खाज थांबते, वर्तुळ फिके पडते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. 2018 च्या मार्चमध्ये सरकारने 14 स्टिरॉइड मलमे चिठ्ठीच्या औषधांत घालण्याचा हुकूम काढला. त्याची अंमलबजावणी दुकानाच्या फळीपर्यंत पोचली आहे, असे दिसत नाही. टर्बिनाफिनास अनेकदा न जुमानणारी ट्रायकोफायटन इंडोटिनीए ही जात 2020 साली जपानमध्ये उपचार घेणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांवरून नावारूपास आली, तेव्हा तिच्या नावातच आपल्या देशाचा उल्लेख आला. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख कंपाउंडासारख्या इमारती तर इतक्या जवळजवळ उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोचत नाहीत. ह्यांतले काहीही कोणा रुग्णाच्या पूर्वजन्मात शोधण्याचे प्रयोजन नाही.

ज्यास शास्त्रे विवेक म्हणतात, त्याचे एक रूप मला दवाखान्यातल्या अगदी साध्या परीक्षेत दिसते. वर्तुळाच्या कडेवरून, मध्यातून नव्हे, बोथट पात्याने दोन-चार खवले काचपट्टीवर खरवडायचे, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्वचेच्या पेशी विरघळून जातात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले, सांधे असलेले पारदर्शक धागे उरतात. धागे दिसले तर बुरशीचे औषध. न दिसले, आणि शंका राहिली, तर त्वचेचा लहानसा तुकडा मोठ्या रुग्णालयात तपासणीस पाठवायचा आणि ल्युपसचा विचार करायचा. ह्या परीक्षेला थोडे पैसे पुरतात, पण वेळ लागतो, आणि गर्दीच्या दवाखान्यात वेळ हीच दुर्मिळ चीज आहे. म्हणून महापालिकेने आपल्या दवाखान्यांत ही परीक्षा करणारे एक माणूस नेमावे, अशी माझी सूचना आहे. आणि धागे दिसले, तर औषध एकट्या रुग्णास देऊन भागत नाही. ज्या खोलीत टॉवेल आणि अंथरूण सामायिक आहे, तेथे ज्यांच्या अंगावर चट्टे आहेत त्या सर्वांवर, सासूवर, दिरावर आणि धाकट्या पोरावरही, एकाच वेळी उपचार करावे लागतात. नाही तर महिन्याभरात तेच वर्तुळ पुन्हा उमटते.