घड्याळ आणि सुरवंट

माळावर घड्याळ सापडले, तर ते घडविणारा कोणी तरी असलाच पाहिजे. मग डोळ्यासारखा अवयव घडविणारा का नसावा? विल्यम पॅले या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली मांडलेला हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण डोळ्यात दिसणारे तेच कौशल्य इक्न्यूमन जातीच्या गांधीलमाशीतही दिसते. ती जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते, आणि तिच्या अळ्या त्याला आतून खात वाढतात. दयाळू ईश्वराने हे मुद्दाम योजिले असेल, हे आपल्या मनाला पटविता येत नाही, असे डार्विनने १८६० साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला कळविले. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि डार्विनचा पाठीराखाही.

मग सारा यदृच्छेचाच खेळ म्हणावयाचा काय? तसेही नाही. जीवाजीवांत फरक पडतात ते यदृच्छेने. त्यांतले कोणते टिकावयाचे, याला मात्र निवडीचा नियम आहे. त्या नियमाला सुरवंटाची कणव नाही. कणव येते ती माणसाला, त्याच निवडीतून घडलेल्या माणसाला! सृष्टीच्या रचनेत दयेची हमी नाही, एवढ्याने दया खोटी ठरत नाही; तिला जपण्याचा भार तेवढा आपल्या शिरावर येतो.