वाडीतली पोरं माणसांत येत नाहीत म्हणे!

समूह शाळेचं घोडं पुन्हा दामटलं जातंय. पट वीसच्या खाली, म्हणून कुलूप लावा आणि पोरं गाडीत घालून लांब न्या. पैसा नाही, शिक्षक नाहीत, ही रडगाणी जुनीच. पण २०२३ च्या सरकारी पत्रापासून एक कारण मोठ्या रुबाबात मिरवतंय: कमी पटाच्या शाळेत मुलांचं ‘सामाजिकीकरण’ होत नाही!

जुन्नर तालुक्यातल्या मढच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर जाऊन हे सांगाच. तिथली दुसरीतली पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. कुणाच्या गाईनं कुणाच्या खाचरात तोंड घातलं, त्याचा निवाडा उंबऱ्यात बसून ऐकते. पडकईला घरटी माणूस एकमेकांच्या बांधावर मजुरीशिवाय राबतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. तिला माणसांत मिसळायला शिकवायचं, म्हणून माळशेजकडच्या धुक्यातून जीप! आणि मिसळायचं कसं? भरल्या वर्गात हाताची घडी, तोंडावर बोट. पुण्यातल्या सोसायटीत समोरच्या दारातला माणूस गेलेला व्हॉट्सॲपवर कळतो. त्या सोसायटीवाल्यांसाठी जीप कधी निघणार?

त्याच वाडीच्या शाळेत शिकवायला काय कमी आहे? बाळहिरडा वाळल्यावर वजन किती घटतं, ओला विकावा की सुका, हे गणित घरोघरी पडून आहे. याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात यज्ञात दान दिलेल्या गाईंचे आकडे दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहेत. खोडदची रेडिओ दुर्बीणही इथलीच. आणि गावची कामं करता करता विज्ञान शिकता येतं, हे डॉ. कलबागांनी १९८३ पासून शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला करून दाखवलं. त्यांना स्मार्ट बोर्ड लागला नव्हता. वीज गेली की तो भिंतीवरचा आरसा.

मोठ्या शाळेत मैदान असतं, प्रयोगशाळा असते, मान्य. थोरली पोरं ओतूरला जातातच, जावोत. पण पहिलीच्या लेकरासाठी कायदा एक किलोमीटर म्हणतो, आणि तोही फार काही मागत नाही. अर्थात कायदा वाचायला साहेबांना सवड कुठली!

सामाजिकीकरणाची एवढीच तळमळ असेल, तर साहेबांनीच आषाढात चार दिवस वाडीवर राहून जावं. भाताच्या आवणीला हात कमीच पडतात.